दंडावरचं निळं

सेन्सर काढताना आधी कातडी येते, मग सेन्सर. दोन आठवडे दंडाला चिकटून बसलेली ती गोल चकती, दहाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिची कड नखाने उचलायची आणि दात आवळून ओढायची. खाली लाल, ओलसर, खाजणारं वर्तुळ उरतं. मग दुसऱ्या दंडावर नवी चकती. ती बसवायचं यंत्र दाबलं की खट्ट आवाज होतो आणि साखर मोजणारी, केसाएवढी बारीक तार कातडीखाली शिरते. बहुतेकांना काही होत नाही म्हणे. माझी कातडी त्या बहुतेकांतली नाही. तार गेली की पुष्कळदा आत कुठेतरी रक्त फुटतं. आधी मोहरीएवढा ठिपका दिसतो, दुसऱ्या दिवशी तो पिकल्या जांभळासारखा होतो आणि मग खाली उतरायला लागतो. निळं उतरतं हे मला आधी माहीत नव्हतं. उतारावरून पाणी जावं तसं ते दंडावरून कोपराकडे सरकतं, पसरतं, कडेने हिरवं होतं, मग पिवळं. तोवर दुसऱ्या हाताची पाळी आलेली असते. त्यामुळे माझा एक ना एक हात कुणीतरी आवळून धरल्यासारखा दिसतो.

कुणीतरी आवळून धरल्यासारखा. हे शब्द मी आज लिहिते आहे. तेव्हा ते मला सुचले नव्हते. गावाला सुचले होते.

मी नेवासा तालुक्यातल्या एका मोठ्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. नवऱ्याचं रस्त्याला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि नवी तांब्याची तार भरून परत जातात. घरात सासूबाई आणि आमची एक मुलगी, नववीतली, माझ्याच शाळेत. लेक बालवाडीत होती तेव्हा माझं वजन एकाएकी उतरलं. घागरभर पाणी प्यायलं तरी तहान भागेना. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होत चाललंय, गोळ्यांनी भागणार नाही, रोज टोचून घ्यावं लागेल. आयुष्यभर.

सासूबाई माझ्यासोबत आल्या होत्या. परतीच्या एसटीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "हे घराबाहेर जाऊ द्यायचं न्हाई. म्हाताऱ्या मानसाला शुगर असती, ते लोक समजून घेत्यात. जवान बाई सुया टोचून घेती म्हटल्यावर उद्या नातीला कोन करून घेईल? रक्तातच हाय म्हनतील."

मी इतकी थकले होते की कुणी काहीही म्हटलं असतं तरी हो म्हणाले असते. घरी आल्यावर नवऱ्यालाही सांगितलं, कुठे बोलू नका. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." तो असाच आहे. चढ्या आवाजात बोलायचं झालं तर आधी घसा साफ करतो, आणि घसा साफ होईपर्यंत त्याचा राग गेलेला असतो.

तर असं आम्ही ते लपवलं. शाळेत मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, तुटक्या स्टुलांच्या आडोशाला इंजेक्शन घ्यायचे. चर्चच्या कार्यक्रमात केक पुढे आला की उपवास आहे म्हणायचे. लोक म्हणायचे, बाई फार भाविक आहेत.

सेन्सर आला तो पुढे, एका अपघातानंतर. दुपारी शाळेतून येताना स्कूटीवर साखर उतरली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे उघडले तेव्हा मी उसाच्या सरीत होते आणि स्कूटी पाटात. गावात सांगितलं, बीपी कमी झालं. डॉक्टर म्हणाले, आता हे लावाच, साखर उतरायला लागली की मोबाईल आधीच वाजेल. आणि तो वाजतो. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की माझं भांडण त्या यंत्राशी आहे. त्या यंत्राने मला पुन्हा उसात पडू दिलेलं नाही. पण पहिल्यांदा हात काळानिळा झाला तेव्हा मी तो डॉक्टरांना दाखवायला गेले, तर त्यांनी मोबाईलवरचा आलेख पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "साखर छान आहे मॅडम. साखर बघा, कातडी काय बघत बसता? हात बदलत राहा." त्यांनी मान वर करून हाताकडे पाहिलंही नाही. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

मग मीच उपाय केला. शिंप्याकडून ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत करून घेतल्या. चकती झाकली गेली. पण निळं उतरायचं थांबलं नाही. फळ्यावर वरच्या बाजूला लिहायला हात उचलला की बाही मागे सरकायची आणि तो हिरवट-जांभळा पट्टा साऱ्या वर्गाला दिसायचा. मला वाटायचं, पोरांचं लक्ष फळ्याकडे आहे.

आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ बाई आहेत. मराठी शिकवतात. शाळेत कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, सगळं आधी त्यांच्याकडे येतं. एक दिवस मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी दार लोटलं, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझ्या कोपरावर हात ठेवला.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मला वाटलं, यांनी मला मागच्या खोलीत सुई घेताना पाहिलं. आणि खरं सांगायचं तर मला हलकंही वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं.

"मुलगी लहान होती तेव्हापासून," मी म्हणाले.

"अगं बाई! आणि सासूबाईंना माहीत आहे?"

"त्याच म्हणाल्या, बाहेर बोलू नकोस."

बाईंनी मान डोलावली. "त्यांचंही बरोबर आहे. बोलून काय होणार? सगळ्यांच्याच घरात काही ना काही असतं. सांभाळून घ्यायचं. आणि बाह्या अजून थोड्या लांब शिव, पोरांना दिसतं." मग त्यांनी डब्यातली कोथिंबीर वडी माझ्या झाकणात ठेवली.

मी वडी खाल्ली. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही, की बाईंना कळलंय, पण फार समजूतदारपणे घेतलं त्यांनी. तो काहीतरी बोलायला गेला, घसा साफ केला आणि गप्प बसला.

तो का गप्प बसला ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. शनिवारी शाळा सकाळची असते. मी घरून डबा घेऊन दुकानात गेले आणि मागे, मोटारींच्या ढिगाआड, पंख्याखाली बसले. बाहेर एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. चांगला ओळखीचा माणूस, दोन विहिरी, मुलं शिकलेली, आमच्या घरी नाताळला फराळाला येणारा. मी आत आहे हे त्याला दिसलं नव्हतं. त्याने चहा सांगितला, मोटारीची चौकशी केली आणि हसत हसत म्हणाला, "मिस्त्री, हात जरा बेतानं चालवत जा. बाईंच्या हातावरचे वळ पार शाळंत दिसत्यात म्हनं."

नवरा तार गुंडाळत राहिला. तो माणूस पुढे म्हणाला, "न्हाई, आमी काय वाईट म्हनत न्हाई. पगारदार बायकू म्हटल्यावर जरा धाक पायजेच. नायतर डोक्यावर बसत्यात." मग चहा आला, दोघांनी चहा घेतला आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

मी पुढे आले. नवऱ्याने वर पाहिलं नाही.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"असंच बोलतात."

"असंच म्हणजे? कोण कोण बोलतं?"

"दोघं-तिघं. चौघं असतील."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

वर्षभर! वर्षभर हा माणूस त्या दुकानात बसून आपण बायकोला मारतो हे ऐकत होता. आधी माझा सगळा राग त्याच्यावरच निघाला. मी म्हणाले, "मग तुम्ही सांगितलं का नाही? तोंड नाही तुम्हाला?"

"काय सांगू?" त्याने हातातली तार खाली ठेवली. "मारत नाही म्हटलं तर विचारतील, मग वळ कशाचे? सेन्सरचे म्हटलं तर सेन्सर कशाला? तूच म्हणालीस ना, कुठे बोलायचं नाही."

"म्हणून तुम्ही बायकोला मारणारे होऊन बसलात?"

"माझं काय बिघडलं त्यात?" तो म्हणाला, आणि हे त्याने काही टाकून बोलायचं म्हणून म्हटलं नाही, अगदी साधं, खरं म्हणून म्हटलं. "गिऱ्हाईक तेवढंच आहे. चहाला बोलवतात. चर्चच्या लायटिंगचं कामसुद्धा यंदा मलाच दिलं."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, धूळ उडत होती, आणि माझ्या अंगाचा असा भडका उडाला होता की मला ते उन्हाने होतंय की साखरेने, की कशाने, काही कळेना. मोबाईल काढून पाहिलं. साखर व्यवस्थित होती.

मग मला ती कोथिंबीर वडी आठवली. कधीपासून चाललंय हे. सासूबाईंना माहीत आहे का. सांभाळून घ्यायचं. एकेक शब्द उलटा होऊन परत यायला लागला. बाईंना माझ्या आजाराचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटलं होतं की माझा नवरा मला वर्षानुवर्षं मारतो. आणि असं वाटत असताना त्यांनी मला बाह्या लांब करायला सांगितलं होतं.

सोमवारी मी पहिला तास सुरू व्हायच्या आधी त्यांना गाठलं. स्टाफरूममध्ये आणखी दोन शिक्षक वह्या तपासत होते. मी दार लोटलं नाही.

"बाई, तुम्हाला वाटतं माझा नवरा मला मारतो?"

"अगं हळू! सगळे आहेत इथे."

"सगळ्यांनाच वाटतं ना? मग हळू कशाला?"

वह्या तपासणारे दोघं वह्याच तपासत राहिले. एकाने तर लाल पेन उघडून पुन्हा बंद केलं. बाई म्हणाल्या, "मी तुझ्या भल्यासाठी बोलले होते. आम्ही काय करणार होतो दुसरं? पोलिसात जायचं होतं का? उद्या तुझाच संसार मोडला असता तर तूच आम्हाला बोल लावला असतास."

"तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं. 'तो मारतो का तुला', एवढंच."

"असं कुणी विचारतं का?"

"बाही लांब कर असं मात्र सांगतात."

त्या म्हणाल्या, "मग कशाचे आहेत ते?"

इतक्या दिवसांनी! आणि तेही माझ्या काळजीने नव्हे, आपला अंदाज कुठे चुकला याच्या उत्सुकतेने. मी म्हणाले, "माझा आठवीवर तास आहे," आणि निघून गेले. त्या तासाला पोरांना परावर्तन शिकवायचं होतं. काय शिकवलं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी घरात सांगितलं की आता मी हे लपवणार नाही. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"आनि नातीचं काय?"

"आई, तुमचा मुलगा बायकोला मारतो असं गाव म्हणतंय. ते चालतं तुम्हाला?"

"त्यानं काय हुतंय?" त्या म्हणाल्या. "बाप्या मानसाचं नाव त्यानं खराब हुत न्हाई. समदेच मारत्यात. तुझे सासरे काय..." आणि थांबल्या. लसणाची पाकळी हातात फिरवत राहिल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "पन पोरीच्या आईला रोग हाय म्हटलं की पोरीवर डाग लागतो. तो निघत न्हाई."

सासरे मी लग्न होऊन आले तेव्हा हयात नव्हते. भिंतीवरच्या फोटोत ते कोटात आहेत, हातात बायबल. त्यांच्याबद्दल कधीच कुणी वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि तेच मला त्या क्षणी असह्य झालं. खरंच, त्यांचं नाव कुठे खराब झालं होतं?

मी काहीतरी जोरात बोलणार होते, तेवढ्यात आतून लेक आली. ती सगळं ऐकत होती. म्हणाली, "मम्मी, माझ्या वर्गातल्या मुली मला विचारतात, पप्पा तुलापण मारतात का?"

"तू काय सांगतेस?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"नाही म्हणते. मग त्या म्हणतात, मग मम्मीचा हात? मी सांगते, मला माहीत नाही. आजीने सांगितलंय ना, सांगायचं नाही म्हणून." ती हे रडत सांगत नव्हती, चिडून सांगत होती. "मी किती वेळा म्हणू, मला माहीत नाही? मला माहीत आहे ना!"

नवरा उठून अंगणात गेला. मी त्याला पाठमोरं पाहिलं. घसा साफ केल्याचा आवाज आला नाही. सासूबाई लसणाची टरफलं गोळा करून चुलीत टाकायला गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

आमच्याकडे रविवारी उपासना झाली की दुपारी महिला संघाची सभा असते. गीत होतं, वचन होतं, मग ज्यांना साक्ष द्यायची त्या उठून देतात. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघींत सांगायचं. कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाची म्हैस बरी झाली, कुणाचा ताप उतरला. सगळ्या 'आमेन' म्हणतात. मी कधी उठत नसे. त्या रविवारी मी कपाटातून जुना, आखूड बाह्यांचा ब्लाउज काढून घातला. उजव्या दंडावर चकती होती आणि डाव्या दंडावर गेल्या खेपेचं निळं कोपरापर्यंत आलेलं होतं. सासूबाईंनी पाहिलं. त्या माझ्यापासून दोन पावलं पुढे चालत गेल्या आणि चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसल्या.

साक्षीची वेळ आली तशी मी उठले.

"बहिणींनो, सलाम," मी म्हणाले. "माझ्या दंडावर हे जे आहे त्याला सेन्सर म्हणतात. मला साखरेचा आजार आहे. मी रोज इन्सुलिन टोचून घेते. हे यंत्र लावल्यावर माझ्या कातडीत रक्त साकळतं, त्याचा हा डाग. माझ्या नवऱ्याने माझ्यावर आजपर्यंत हात उगारलेला नाही."

कुणीतरी पाठीमागून बारीक आवाजात 'आमेन' म्हटलं. त्यांना वाटलं, संपलं.

"मी हे त्याचं नाव धुवायला सांगत नाही. तुमच्याकडे त्याचं नाव खराब झालेलंच नव्हतं. तो मला मारतो असं तुम्हाला वाटत होतं आणि तुम्ही त्याला सलाम करत होतात, लायटिंगचं काम देत होतात. माझ्या हाताकडे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. प्रभूभोजनाची भाकर घेताना माझा हात तुमच्या हाताशेजारी होता. मग घरी जाऊन तुम्ही काय केलंत? जेवलात? मला एकीने विचारलं नाही. माझा हात यंत्राने काळा झाला, म्हणून माझं काही बिघडलं नाही. पण तुम्हाला ते माहीत नव्हतं! तुमच्या मते मी मार खात होते, आणि तुम्ही मला खाऊ दिलात."

माझा आवाज फुटला होता. मी आणखी बोलणार होते, पण पेटी वाजवणाऱ्या बाईंनी गीत सुरू केलं. इतक्या घाईने की सूर वर लागला आणि निम्म्या जणींना तो गाठता येईना. गीत संपल्यावर पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रींच्या पत्नीने, डोळे मिटून प्रार्थना केली, "हे परमेश्वरा, आमच्या या भगिनीच्या साखरेच्या आजारावर तू हात ठेव, तिला आरोग्य दे."

आमेन झालं. मी उभीच होते. म्हणाले, "बाई, तुम्ही साखरेसाठी प्रार्थना केलीत. मी सांगितलं ते दुसरंच होतं."

त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले, आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.

बाहेर चिंचेखाली चहा होता. बायका माझ्याभोवती आल्या, अगदी मायेने आल्या. एकीने कारल्याचा रस सांगितला. एकीने जांभळाच्या बियांची पूड. एकीच्या भावजयीला भंडारदऱ्याकडच्या कुणाच्या तरी झाडपाल्याने गुण आला होता. 'आम्हाला सांगायचंस तरी,' असं बहुतेकींनी म्हटलं. मी नुसती ऐकत राहिले. हातात बिनसाखरेचा चहा होता, आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे मागून घेतलेला. जाताना काठी टेकत चालणारी एक म्हातारी माझ्याजवळ थांबली. तिने माझ्या निळ्या हातावरून आपली बोटं फिरवली आणि म्हणाली, "आमच्या टायमाला पदर हुता, बाय. बाह्या लांब करायची गरज पडली न्हाई." आणि गेली. तिला माझ्याकडून काही उत्तर नको होतं.

सासूबाई माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, माझ्या डब्यात भाकरी दोनच, मोजून ठेवल्या, पण बोलल्या नाहीत. मग एका दुपारी मी शाळेतून घामाघूम होऊन आले तेव्हा माठातलं पाणी पुढे करत म्हणाल्या, "झालं ना समदं भाईर? मग आता तरी आखूड बाह्या शिव. उकडून मरशील."

दुकानात तो दोन विहिरींवाला पुन्हा आला. हे मला नवऱ्याने सांगितलं नाही, शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं. तो माणूस नेहमीसारखा हसत म्हणाला, "मिस्त्री, आधी सांगायचं ना राव! आमी उगंच गैरसमज करून घेतला."

नवऱ्याने विचारलं, "गैरसमज करून घेतला, आणि काय केलं?"

"म्हंजी?"

"मी बायकोला मारतो असं वाटलं ना तुम्हाला? मग केलं काय तुम्ही? चहा पाजला मला."

तो माणूस हसायला गेला. तेव्हा माझ्या नवऱ्याने, ज्याचा आवाज मी लग्नानंतर कधी चढलेला ऐकला नव्हता, त्याची मोटार उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली आणि ओरडला, "घेऊन जा ही! दुसरीकडं भर!" टायरवाला म्हणाला, चौकापर्यंत आवाज गेला. संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "जड होती मोटार. पाठ भरली." आणि मी त्याच्या पाठीला मलम चोळून दिलं.

लेकीला वर्गात आता विचारतात, तुलापण होणार का ते? ती सांगते, झालं तर बघू. हा प्रश्न मलाही आवडत नाही, पण तिला निदान खोटं बोलावं लागत नाही. तिच्या लग्नाचं काय होईल ते मला माहीत नाही. सासूबाई चुकल्याच होत्या असं मी म्हणू शकत नाही. या जगाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

स्टाफरूममधल्या बाई माझ्याशी बोलतात, पण बेताने. त्यांनी एकदा माझ्यासाठी साखर न घातलेले लाडू आणले. मी खाल्ले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मला वाटतं, आपण काय केलं ते त्यांना अजूनही कळलेलं नाही. त्यांच्या लेखी त्यांचा अंदाज चुकला, एवढंच.

या वर्षी शाळेत इंग्रजीला एक तरुण बाई आल्या. अकोल्याकडच्या, नवीन लग्न झालेलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्या तेव्हा डाव्या डोळ्याखाली गाल सुजलेला आणि काळा. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सगळ्यांदेखत विचारावं की बाजूला नेऊन, मला कळेना. शेवटी त्यांना पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेले आणि विचारलं, "हे कुणी मारल्याचं आहे का?"

त्या लाल झाल्या. "अहो बाई, नाही हो! कपाटाचं दार. अंधारात उघडं राहिलं होतं." आणि मग त्यांना खरंच हसू आलं. "यांना कळलं तर हे बेशुद्ध पडतील."

"खरंच दार?"

"खरंच दार. शप्पथ."

"बरं," मी म्हणाले. "पण दार नसतं तर मला सांगितलं असतंत?"

"माहीत नाही. कदाचित." मग म्हणाल्या, "आज सकाळपासून बसमध्ये, रस्त्यावर, इथे, सगळे बघतायत. विचारलं तुम्हीच."

मी ओशाळले होते, त्याही ओशाळल्या होत्या. घंटा झाली आणि आम्ही दोघी आपापल्या वर्गावर गेलो.